निवती रॉकची गुहा आणि पंचांगातली तिथी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीचे बुकिंग सुरू झाले की देवबाग, तारकर्ली, भोगवे, निवती या पट्ट्यातल्या होडीवाल्यांना फोनवर दोन प्रश्न हमखास येतात. ‘चार तासांत सगळं होईल ना?’ आणि ‘गुहेत आत नेता ना?’ सगळं म्हणजे डॉल्फिन, निवती रॉक, तिथली समुद्रगुहा, भोगव्याचा किनारा, कर्ली नदीचा संगम आणि शेवटी त्सुनामी आयलंड. सुट्टी संपली की तक्रारी येतात. सकाळी सातला बोलावले आणि आठला ‘आज रॉक नाही’ म्हणाले, गुहेच्या तोंडाशी नेऊन परत फिरवले, बेट म्हणून गुडघाभर पाण्यात उभे केले. यातल्या काही तक्रारी खऱ्याच असतात आणि पॅकेज विकणाऱ्यांनी त्यांचे उत्तर द्यायला हवे. पण बहुतेक वेळा होडीवाला बरोबर असतो, फक्त तो का बरोबर आहे हे कोणी नीट सांगत नाही. या पाण्यात रोजचा वावर असणारे आम्ही काही जण ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आधी जागा. निवती रॉक म्हणजे इंग्रजी नकाशात ‘वेंगुर्ला रॉक्स’ किंवा ‘बर्न्ट आयलंड’ असे नाव असलेला हा वीसेक खडकांचा पुंजका आहे. त्यातले तीन जरा मोठे, बाकीचे भरतीला अर्धे बुडणारे. दीपगृहही तिथेच. निवतीहून नैऋत्येला आठ-दहा किलोमीटर, देवबागच्या संगमावरून त्याहून थोडे जास्त. आठ-दहा माणसे घेतलेली फायबरची होडी बेताच्या वेगाने चालवली तर जायला पाऊण तास लागतो. इथे पुळण नाही, धक्का नाही, नांगर टाकायला भरवशाची जागा नाही. वाळू हवी तर भोगव्याला किंवा निवतीला यायचे. म्हणजे ‘गुहा आणि बेटावरचा बीच’ ही दोन वेगळ्या ठिकाणची, पाण्याच्या दोन वेगळ्या अवस्थांत पाहायची गोष्ट आहे. ती एका सकाळीत बसते, पण रोजच्या सकाळीत बसत नाही.

कुठल्या सकाळीत बसते, ते पंचांग सांगते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्यावा, तिनाने गुणावा, चाराने भागावा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेले की पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, आकडा प्रतिपदेपासूनच मोजायचा. मात्र हा हिशेब मुंबईच्या पाण्याचा. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवण-निवतीला पाणी पाऊण-एक तास आधी चढते. चतुर्थीला आमच्याकडे पूर्ण ओहोटी सकाळी आठच्या आसपास होते. हा झाला अंदाज. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, मोबाइलवरही वेळा मिळतात. पण मोबाइलवर मुंबई बंदर निवडून मालवणात होडी सोडणारे महाभाग आहेत, म्हणून तासाभराचा हा फरक मुद्दाम सांगितला.

आता अर्ध्या दिवसाचा बेत या घड्याळावर बसवून पाहा. तृतीया ते पंचमीच्या दरम्यान ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. देवबागहून सातला निघायचे. ओहोटीची ओढ तोवर मंदावलेली असते आणि मतलई वारा जमिनीवरून येत असल्याने समुद्र सपाट असतो. आठ-सव्वाआठपर्यंत रॉक. पाणी उतरलेले असल्याने गुहेचे तोंड पूर्ण उघडे दिसते आणि कड्यावर कालवांचा पांढरा पट्टा कुठपर्यंत आहे, म्हणजे भरतीचे पाणी कुठवर चढते, तेही दिसते. तिथे अर्धा-पाऊण तास. मग निवती किल्ल्याच्या खालून, डॉल्फिन दिसले तर थांबत, साडेनऊच्या सुमारास भोगवे. दहाला चढत्या पाण्याबरोबर संगमातून आत, आणि सव्वादहाला त्सुनामी आयलंड, जे त्या वेळी पाण्याच्या वर असते आणि पुढचा तासभर राहते. सव्वाअकराला माणसे धक्क्यावर. चार-सव्वाचार तासांत खरोखरच सगळे होते.

हेच पौर्णिमेला किंवा अमावास्येला करून बघा. ओहोटी पहाटे साडेचारच्या सुमारास होऊन गेलेली. साडेसातला निघालात तर सगळा वेळ पाणी चढत राहणार. परत येईपर्यंत, साडेदहा-अकराच्या आगेमागे, पूर्ण भरती, तीही उधाणाची. त्सुनामी आयलंडचा वाळूचा दांडा पाण्याखाली, आणि त्यावर उभ्या केलेल्या टपऱ्यांचे खांब तेवढे पाण्याच्या वर. गुहेचे तोंड अर्धे बुडालेले. त्या दिवशी ‘बेट कुठे आहे’ विचारणाऱ्या पाहुण्याचा राग रास्त आहे, पण तो होडीवाल्यावर काढून उपयोग नाही. त्याला तारीख कोणी विकली ते विचारावे. पौर्णिमेलाच यायचे असेल तर बेटाची फेरी दुपारी साडेतीननंतर ठेवावी आणि रॉक सोडून द्यावा.

अष्टमी-नवमीची गंमत वेगळी. तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, मंद भरती-ओहोटी. उधाणाला पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपास, तर भांगाला ती एक मीटरच्याही आत. ओहोटी दुपारी अकरा-बाराला येते आणि वाळू फारशी उघडी पडत नाही. पण पाण्याला ओढ कमी असते. लहान मुले किंवा म्हातारी माणसे सोबत असतील आणि बेटाचा फोटो नाही मिळाला तरी चालणार असेल, तर आम्ही घरच्यांना भांगाचेच दिवस सांगतो.

संगम ओलांडणे ही या फेरीतली सर्वांत अवघड जागा आहे, आणि पॅकेजच्या कागदावर तिचा उल्लेखच नसतो. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा आडवा उंचवटा असतो, त्याला आम्ही बार म्हणतो. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत खाडीचे सगळे पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावते. समोरून समुद्राची लाट आत येत असते. दोघांची गाठ बारावर पडली की लाट आखूड आणि उभी होते, आणि फुटते. बाहेर अर्ध्या मीटरची वाटणारी लाट तिथे छातीएवढी उठते. पाऊस संपल्यावर नदीचे पाणी जास्त असते, म्हणून ऑक्टोबरात हे अधिक जाणवते. शिवाय बार दर पावसाळ्यात सरकतो. मागच्या वर्षीची खूण यंदा चालत नाही. हंगामाच्या सुरुवातीला रिकाम्या होड्या फिरवून, बांबूने खोली चाचपून वाट नक्की करावी लागते. मशीनचा, म्हणजे होडीच्या इंजिनाचा, पंखा वाळूत गेला तर बारीक पिन तुटते. ती पंखा आणि गिअर वाचवण्यासाठीच असते. पिन तुटल्यावर मशीन सुरू राहते पण होडी ढकलली जात नाही, आणि पुढच्या दोन लाटांत होडी आडवी होते. म्हणून बारावर ज्याच्याकडे दोन वल्ही आणि खिशात जादा पिन नाही, त्याच्या होडीत बसू नये. निवतीच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्यांना बार लागत नाही. फक्त रॉक पाहायचा असेल तर तिथूनच निघावे हे आमचे मत आहे, देवबागच्या मित्रांना ते आवडणार नाही.

आता गुहा. कड्यातल्या कच्च्या भेगेवर लाटा आपटत राहतात. प्रत्येक लाट भेगेतल्या हवेला दाबते, लाट मागे गेली की ती हवा झटक्यात सुटते. वर्षानुवर्षे हेच होऊन भेग रुंदावते आणि गुहा होते. जी प्रक्रिया गुहा घडवते तीच आजही तिच्या आत चालू आहे, एवढे समजले तरी ‘आत न्या’ म्हणणारा गप्प बसेल. बाहेर पाणी एक फूट वरखाली होत असले तरी निमुळत्या तोंडात ते चेपले जाऊन तीन-चार फूट चढते. होडीत बसलेल्या माणसाचे डोके आणि गुहेचे छत यांत तेवढे अंतर नसते. दुसरे, आत गेलेली लाट मागच्या भिंतीवर आपटून परतते आणि पुढच्या लाटेला तोंडाशीच भेटते, तेव्हा होडीला कोणत्या बाजूने धक्का बसेल हे सांगता येत नाही. तिसरे कारण फक्त मशीन हाताळणाऱ्यालाच ठाऊक असते. तिथले पाणी फेसाळ, म्हणजे अर्धे पाणी आणि अर्धी हवा. फेसात पंख्याला पकड मिळत नाही. मशीन ओरडते, होडी जागची हलत नाही. नेमकी मागे यायची घाई असते तेव्हाच हे घडते.

यात फसवणारी एक गोष्ट म्हणजे लांब पल्ल्याची लाट. दूरच्या समुद्रातल्या वादळाने उठवलेली लाट हजारो किलोमीटर येते. दोन लाटांतले अंतर बारा-पंधरा सेकंदांचे असते आणि उघड्या समुद्रात ती डोळ्याला दिसतही नाही, होडी नुसती अलगद उचलली जाते. तीच खडकाला भिडली की उभी राहते. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या अंदाजात लाटेची उंची आणि सेकंद दोन्ही दिलेले असतात. लोक उंची बघतात, सेकंद बघत नाहीत. आमचा ठोकताळा असा: आठ सेकंदांची अर्ध्या-पाऊण मीटरची लाट असेल तर रॉकला जावे. तेवढ्याच उंचीची चौदा सेकंदांची असेल तर जाऊ नये. मीटरच्या वर गेली तर विचारूच नये. खडकाजवळ गेल्यावरही आधी पाच मिनिटे लांब थांबून पाहावे लागते, कारण मोठ्या लाटा घोळक्याने येतात. चार-पाच मोठ्या, मग बराच वेळ शांतता. त्या शांततेत पोहोचलेला पाहुणा म्हणतो, ‘किती शांत आहे, चला आत.’ होडी गुहेपासून तीसेक मीटरवर, नाळ (पुढचे टोक) समुद्राकडे करून, मशीन चालू ठेवून उभी करायची. नांगर टाकायचा नाही. तो खडकांच्या सांदीत अडकला तर दोर कापून सोडून द्यावा लागतो, आणि कापायला सुरी हाताशी नसेल तर होडी त्या दोराला बांधलेली राहते.

आत न जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हाला ते पहिल्या तिन्हींइतकेच मोठे वाटते. या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. चिमणीपेक्षाही लहान, काळपट पक्षी. त्यांना फांदीवर बसता येत नाही, फक्त उभ्या कातळाला चिकटता येते. अंधारात टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर त्या वाट शोधतात. कातळाला स्वतःच्या लाळेने चिकटवलेले अर्ध्या वाटीएवढे घरटे, त्यात बहुधा दोन पांढरी अंडी. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत त्यांचा विणीचा काळ चालतो. या लाळेच्या घरट्यांना परदेशात सूप करण्यासाठी भाव मिळतो, म्हणून इथून त्यांची तस्करी होत होती. ती दोन दशकांपूर्वी उघडकीला आली आणि निसर्गप्रेमी संस्था व वनखात्याच्या पहाऱ्याने बरीच आटोक्यात आली. घरटे काढले की पक्ष्याला पुन्हा लाळ जमवून नवे बांधायला काही आठवडे लागतात, तोवर पावसाळा येतो. आता घरटी सहसा कोणी काढत नाही, पण तोंडाशी मशीन रेटणे, आत शिट्ट्या मारणे, मोबाइलचा टॉर्च फिरवणे हे रोज चालते. आवाजावर वाट शोधणाऱ्या पक्ष्याच्या घरात टू-स्ट्रोक मशीन घुमवणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. खडकांवर सुरय हे समुद्रपक्षीही अंडी घालतात, उघड्या कातळावर, काडी-काटक्यांचे घरटे न करता. खडकावर उतरलेल्या माणसाचा पाय कुठे पडला हे त्याला कळतही नाही. पाकोळ्या पाहायच्याच असतील तर बाहेर होडीत शांत बसावे. त्या सारख्या आत-बाहेर करतात, दहा मिनिटांत डोळाभर दिसतात.

परतीचा वारा हा पुढचा मुद्दा. मतलई वारा नऊ-दहापर्यंत पडतो. मग घटकाभर काहीच नसते, आणि अकराच्या पुढे वायव्येचा वारा धरतो. मार्चनंतर तो लवकर आणि जोरात येतो. रॉकवरून देवबागला येताना होडीचे तोंड उत्तरेकडे असते, म्हणजे हा वारा डाव्या हाताला समोरून लागतो आणि प्रत्येक लाटेचा फवारा अंगावर येतो. जाताना कोरडी गेलेली माणसे येताना चिंब भिजतात. जेवून दुपारी दोनला रॉक मागणाऱ्याला म्हणूनच नकार मिळतो. इथे आणखी एक खबरदारी: पुढे नाळेजवळच्या फळीवर जोडपी फोटोसाठी बसतात. होडी लाटेवरून आपटते तेव्हा सर्वांत जास्त धक्का तिथे बसतो आणि मणक्याला इजा होते. वयस्कर माणसांनी मध्याच्या मागे बसावे. उलटीचा त्रास असणाऱ्यांनीही मागेच बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी. होडीत मळमळल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही.

वाळूवरच्या चुका साध्या असतात आणि त्याच जास्त माणसे जखमी करतात. भोगव्याला होडी लागताना माणसे किनाऱ्याच्या बाजूने उड्या मारतात. मागून लाट आली की दीड-दोन टनांची भरलेली होडी आडवी फिरते आणि गुडघ्यावर येते. होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. खलाशी सांगेल तेव्हा, एकेकाने, नाळेच्या बाजूने उतरावे. त्सुनामी आयलंडच्या नावामागे २००४ च्या त्सुनामीची कथा सांगतात. असेलही, पण आजचे बेट म्हणजे नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू यांचा दरवर्षी बदलणारा ढीग आहे. त्याच्या एका अंगाला उथळ पाणी, दुसऱ्या अंगाला खाडीचा खोल प्रवाह. प्रवाहाच्या बाजूची कड पाण्याने आतून पोखरलेली असते. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस दोन पावलांत डोक्याएवढ्या पाण्यात जातो, आणि ओहोटी असेल तर प्रवाह त्याला थेट बाराकडे नेतो. पाण्याचा रंग बघावा: पिवळसर म्हणजे वाळू जवळ, एकदम हिरवा-काळा झाला म्हणजे कड. त्या रंगाच्या रेषेच्या दोन मीटर अलीकडे थांबावे. उथळ पाण्यात पाय घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच उठून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग दवाखाना गाठावा. खडपावरची कालवे ब्लेडसारखी कापतात, त्यामुळे पट्ट्याच्या चपला घालाव्यात. अंगठ्याच्या स्लिपर पहिल्या लाटेला निघून जातात.

होडी निवडताना काय पाहायचे ते थोडक्यात. नोंदणी क्रमांक आणि किती माणसांची परवानगी हे होडीवर लिहिलेले असते. तो आकडा मोजा, मुलेही धरून. लाइफ जॅकेट ‘आहेत’ हे पुरेसे नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबावरून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हा हंगाम संपायला जेमतेम दोन-तीन दिवस उरले होते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीच्या अपघातानंतरही सगळी चर्चा जॅकेट अंगात होते की फळीखाली, यावरच आली. जॅकेट घातल्यावर खांद्याच्या पट्ट्यांना धरून कोणीतरी वर ओढावे. ते कानापर्यंत सरकले तर ढिले आहे. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाला चालत नाही, पाण्यात मूल खालून निसटते. मशीन सुरू झाल्यावर त्याच्या मागून पाण्याची पेन्सिलीएवढी धार पडते, ती पाहावी. आत पाणी खेचून मशीन थंड होत असल्याची ती खूण. प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी अडकली की धार बंद पडते, आणि दहा-पंधरा मिनिटांत मशीन जाम होते. पेट्रोल तीन वाट्यांचे हवे: एक जायला, एक यायला, एक राखीव. ४० हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक मशीन पूर्ण वेगात तासाला पंधरा-सोळा लिटर पिते, त्यावरून टाकीकडे बघून हिशेब करता येतो. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन्ही निघण्याआधी मोबाइलमध्ये घालून ठेवावेत. रॉकजवळ रेंज येते-जाते, म्हणून होडीत वायरलेस सेट असेल तर उत्तम.

डॉल्फिन दिसले की सगळे एका बाजूला धावतात आणि होडी कलते. शांत समुद्रात होडी उलटण्याचे हे सर्वांत सोपे कारण आहे. बसल्या जागेवरून बघावे. होडीनेही त्यांच्या मागे लागू नये. मशीन मंद ठेवून समांतर चालले तर ते आपणहून जवळ येतात, पाठलाग केला तर बुडी मारतात ते पार लांब निघतात. याच पट्ट्यात पहाटे टाकलेली जाळी असतात. बोये आणि बावटे दिसले की वळसा घ्यावा लागतो, त्यात दहा मिनिटे जातात. त्या दहा मिनिटांवरून कुरकुर करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पंख्याने कापले गेलेले जाळे कोणाचे तरी महिन्याचे पोट असते.

आता मागणी. ती पर्यटकांकडे कमी आणि किनाऱ्यावरच्या आपल्याच लोकांकडे जास्त आहे. अडचण अशी की सहा होड्या ‘आज रॉक नाही’ म्हणतात आणि सातवी जाते. सातवी सुखरूप परत आली की दुसऱ्या दिवशी पहिल्या सहांचे गिऱ्हाईक तुटते. तीन दिवसांत सहांपैकी चार जण जायला लागतात. वाईट निर्णय असाच पसरतो, कोणी मुद्दाम वाईट नसतो. त्यावर उपाय म्हणजे नकार एकट्याचा नसावा. देवबाग, तारकर्ली, भोगवे, निवती आणि मालवण धक्का इथे ग्रामपंचायती आणि होडी व्यावसायिकांच्या संस्थांनी मिळून एकेक फळा लावावा. त्यावर रोज सकाळी सहाला पाच गोष्टी लिहाव्यात: तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, लाट किती मीटर व किती सेकंद, आणि शेवटी ‘रॉक: होय’ किंवा ‘रॉक: नाही’. नाही लिहिले की त्या दिवशी कोणीच जायचे नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाने या फळ्याला मान्यता द्यावी, म्हणजे मोडणाऱ्याला काही तरी विचारता येईल. पावसाळ्यात, साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट, प्रवासी वाहतूक सगळ्यांचीच बंद असते आणि ती सगळे पाळतात, कारण ती सगळ्यांना सारखी लागू आहे. मग हंगामातला एखादा दिवस तसा पाळायला हरकत नसावी.

पॅकेज विकणाऱ्या हॉटेल-लॉजवाल्यांनी ‘गुहा नक्की’ हे शब्द काढून टाकावेत आणि रॉक नसेल तर काय, हे कागदावर आधीच लिहावे. पर्याय आहे: कर्ली खाडीत कोर्जाईच्या बाजूने कांदळवनातून आत-बाहेर दोन तासांची फेरी. वारा कितीही असला तरी तिथे पाणी खवळत नाही, खंड्या आणि बगळे भरपूर, आणि इंधन निम्म्याहून कमी लागत असल्याने दरही कमी ठेवता येतो. उरलेले पैसे पाहुण्याला त्याच दिवशी परत द्यावेत. आगाऊ रक्कम परत करायची नसते म्हणूनच होडी बाहेर काढण्याचा दबाव येतो. आमच्या पाहण्यात धोक्याच्या दिवशी निघालेल्या बहुतेक फेऱ्यांच्या मुळाशी पाण्याचा अंदाज चुकणे नसून हा हिशेब असतो. वनखात्याने गुहेपासून तीस मीटरवर होडीसाठी मर्यादा ठरवावी. खडकाळ तळावर खुणेचा बोया टिकवणे कठीण आहे हे आम्हाला कळते, पण कड्यावर रंगाची खूण करता येते. फेब्रुवारी ते जून खडकावर उतरायला पूर्ण बंदी हवी.

फळा चार बाय तीन फुटांचा पुरे. खडूने लिहू नये, खाऱ्या हवेत सकाळीच ओघळतो. पत्र्यावर काळा ऑइलपेंट आणि पांढरा मार्कर टिकतो. सहाला लिहायला कोण उठणार, असे विचाराल तर रापणीवाले (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार) पाचलाच किनाऱ्यावर असतात, आणि पाण्याकडे बघून पहिला शब्द त्यांच्याच तोंडून निघतो.

आपले,
देवबाग-भोगवे-निवती किनाऱ्यावरील काही होडीवाले आणि वाटाडे